मुलाम्याखालचे लोखंड

तांब्यापितळेच्या भांड्यांना वर्षातून एकदोनदा कल्हई करून घेण्याचा शिरस्ता ज्यांनी पाहिला आहे, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडताच उठणारा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यामागोमाग पातेल्याच्या पोटात क्षणार्धात पसरणारी कथलाची झळाळी ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना धातूच्या पृष्ठसंस्काराचे मर्म पुस्तकावाचूनच कळलेले असते, असे मला नेहमी वाटते. आतून केलेली ती कल्हई शोभेसाठी नव्हती. कढी किंवा चिंचेची आमटी कळकू नये म्हणून ती होती, आणि नवसागराने भांड्याचे अंग निर्मळ केल्यावाचून कथील तेथे धरत नसे. आजच्या कारखान्यांतील जस्ताचे, निकेलचे व क्रोमियमचे संस्कार याच विद्येच्या कुळातले आहेत. तथापि खरेदी खात्याच्या दफ्तरापासून यंत्रशाळेपर्यंत त्यांच्याविषयी जे समज बिनदिक्कत वावरतात, त्यांतील काही निरुपद्रवी असले तरी काही माणसाच्या जिवावर बेतणारे आहेत, म्हणून त्यांची कैफियत मांडणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समज असा, की मुलामा म्हणजे लोखंडावर घातलेले पांघरूण. ते अखंड आहे तोवर लोखंड सुरक्षित, चरा पडला की सारा मामला संपला. कथलाच्या बाबतीत हे खरे आहे, किंबहुना वस्तुस्थिती त्याहून वाईट आहे. कथील लावलेल्या पत्र्याला बाहेरून चरा पडून तेथे ओल पोचली, की कथील व लोखंड यांची एक सूक्ष्म विद्युत्घटमाला तयार होते, तीत लोखंड हे अधिक क्रियाशील असल्यामुळे तेच विरघळू लागते, आणि विस्तीर्ण कथलाच्या मधोमध उघड्या पडलेल्या त्या चिमूटभर जागेत गंज खोल शिरतो. जस्ताचे वर्तन याच्या नेमके उलट आहे. जस्त लोखंडाहून अधिक क्रियाशील, म्हणून चरा पडलेल्या जागी ते स्वतः झिजते आणि शेजारच्या लोखंडाला झिजू देत नाही. आपल्या जुन्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर कथील हा केवळ पडदा आहे, जस्त मात्र लोखंडाला जामीन राहते.

या जामिनकीचे तत्त्व १८२४ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर आजमावले, आणि त्याची हकीकत मला फार उद्बोधक वाटते. जहाजांच्या तळावरचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत, त्यावर उपाय म्हणून त्याने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, आणि तांब्याची झीज खरोखरच थांबली. परंतु विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळे जे शंखशिंपले तळाला चिकटत नव्हते, ते आता निर्वेधपणे वाढू लागले, आणि जहाजांची गती मंदावली. रसायन बिनचूक होते, तरी त्या तांब्याची खरी कामगिरी कोणती, याचा विचार राहून गेला होता. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या कृतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ मध्ये घेतले, तेव्हापासून पत्रे, खांब आणि मनोरे याच जामिनावर उभे आहेत.

अर्थात जामीनदाराची ऐपतही पाहावी लागते. चरा काही मिलिमीटरहून रुंद असेल तर त्याच्या मध्यापर्यंत जस्ताचा हात पोचत नाही, आणि जस्ताचा थर जितका जाड तितकेच त्याचे आयुष्य, हा हिशेब साधारणपणे सरळ प्रमाणाचा आहे. येथे ‘झिंक केलेले’ या एकाच शब्दाने मोठा घोटाळा होतो. विजेच्या प्रवाहाने टाकीत चढवलेले जस्त सामान्यतः ५ ते १२ मायक्रॉन असते; सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या, ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर मात्र मानकाप्रमाणे सरासरी ८५ मायक्रॉन थर अपेक्षित असतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघड्यावर राहणाऱ्या सांगाड्यासाठी दुकानातला पिवळसर चमकणारा बोल्ट घेणारा गृहस्थ पैसे जस्ताचेच देतो, पण दहा वर्षांच्या कामाला एका वर्षाचा जामीन पत्करतो.

चमक म्हणजे कणखरपणा, हा दुसरा समज. मोटारसायकलीच्या भागांवर लखलखणारे क्रोमियम बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असते. गंजापासून रक्षण त्याखालचे निकेल करते, क्रोमियम केवळ त्याची जिल्हई टिकवते. हायड्रॉलिक दट्ट्याच्या दांड्यावरचे कठीण क्रोम ही निराळीच वस्तू, तिचा थर पुष्कळ पटींनी जाड असतो. स्टेनलेस पोलादाला काही करावे लागत नाही, हाही असाच अर्धसत्य समज आहे; त्यातील किमान साडेदहा टक्के क्रोमियममुळे पृष्ठावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतो हे खरे, पण साध्या लोखंडाच्या हत्यारांनी त्यावर काम केल्यास लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तांबडे डाग उमटतात. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात त्याला जे पॅसिव्हेशन देतात, त्याने वर कसलाही मुलामा चढत नाही. ते कण तेवढे धुऊन निघतात. आणि अ‍ॅल्युमिनिअमचे अ‍ॅनोडायझिंग हा तर मुलामाच नव्हे, कारण तो थर त्याच धातूच्या अंगातून उगवलेला असतो.

आता ज्या गैरसमजाची मला खरी धास्ती वाटते, त्याकडे वळतो. मुलाम्याने लाभ कमी झाला तरी हानी खचित होत नाही, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः पोलादावरचा गंज आम्लात काढताना आणि नंतर विजेने जस्त चढवताना अणुरूप हायड्रोजन निर्माण होतो, व त्यातला काही पोलादाच्या अंतरंगात शिरतो. मऊ पोलाद तो सोसते. पण ज्या बोल्टच्या माथ्यावर १२.९ असा आकडा कोरलेला असतो, तसल्या अतिकठीण पोलादात हा हायड्रोजन ताणाच्या जागी गोळा होतो, आणि जोडणीच्या वेळी निर्दोष भासलेला बोल्ट काही तासांनी किंवा काही दिवसांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. उपाय माहीत नाही असे नाही: टाकीतून निघाल्यापासून ४ तासांच्या आत असे जॉब १९० ते २२० अंशांच्या भट्टीत घालून कित्येक तास भाजावेत, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो अथवा निरुपद्रवी जागी स्थिरावतो. परंतु भाजलेला आणि न भाजलेला बोल्ट डोळ्यांना एकसारखाच दिसतो. म्हणून भट्टीच्या वेळेची लेखी नोंद मागितल्यावाचून माल ताब्यात घेणे हे मी अक्षम्य समजतो.

हायड्रोजन केवळ टाकीतूनच येतो असेही नाही. ओल साचून जस्त झिजू लागले, की त्याच क्रियेत उघड्या पोलादावर हायड्रोजन निपजू शकतो; जामीनदाराच्याच हातून असा घात होतो. सॅन फ्रान्सिस्को व ओकलंड यांना जोडणाऱ्या पुलाच्या नव्या पूर्व भागात, वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या ३ इंच व्यासाच्या उच्चबली पोलादी दांड्या मार्च २०१३ मध्ये ताणण्यात आल्या, आणि थोड्याच दिवसांत एका गटातील ९६ पैकी ३२ तुटल्या. चौकशीत हायड्रोजनजन्य ठिसूळपणा हे कारण निष्पन्न झाले, आणि त्या दांड्यांचे काम दुसऱ्या पोलादी बांधणीवर सोपवावे लागले.

मिठाच्या धुक्याच्या कसोटीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. पेटीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे अखंड धुके सोडून किती तासांनी गंज येतो ते पाहतात, आणि त्या तासांवरून वर्षांचे त्रैराशिक मांडण्याची वहिवाट पडली आहे. ती निराधार आहे. उघड्या हवेत जस्त भिजते आणि वाळते, त्यातून त्याच्यावर कार्बोनेटची संरक्षक साय धरते. पेटीत ते कधी वाळतच नाही. एकाच टाकीचे काम आज आणि उद्या सारखे उतरते काय, याची खातरजमा त्या पेटीने करावी. आयुष्याचे भविष्य तिला विचारू नये.

राहता राहिला मापांचा प्रश्न. मुलामा इतका पातळ, त्याने मापात काय फरक पडणार, असे म्हणणाऱ्याने आट्यांची भूमिती पाहावी: नेहमीच्या ६० अंशांच्या आट्यांवर जेवढा थर चढतो त्याच्या चौपट त्यांचा प्रभावी व्यास वाढतो, म्हणजे १० मायक्रॉन जस्ताने ४० मायक्रॉनची वाढ. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या बोल्टवर साधा नट फिरतच नाही. म्हणून तसल्या नटांचे आटे मुलाम्यानंतर, किंचित मोठ्या मापाने पाडण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे नटाच्या आतले लोखंड उघडेच राहते. नवखा तपासनीस यावर हरकत घेतो. पण नट आपल्या जागी आवळला, की बोल्टच्या आट्यांवरचे जस्त त्या उघड्या आट्यांना भिडते, आणि त्यांचेही रक्षण तेच करते.