‘दिरंगाई’ म्हणजे नुसता उशीर नव्हे

नवी मुंबईत काम करताना जातीचा दाखला, शिष्यवृत्ती यांचे अर्ज घेऊन मुले येतात आणि एकच वाक्य सांगतात, “साहेब उद्या या म्हणतात.” तक्रार अर्जात मात्र तीच मुले लिहितात, “कामास उशीर होत आहे.” इथेच आपण अर्धी लढाई हरतो. उशीर लोकल चुकली तरी होतो, त्यात दोष कुणाचाच नसतो.

‘दिरंगाई’ हा शब्द फारसीतल्या ‘दिरंग’वरून आला. ‘दप्तर’ही तिकडचाच. दिरंगाईत काम करणे ज्याच्या हातात आहे, त्याचा दोष गृहीत असतो. ‘चालढकल’ म्हणजे आजचे काम उद्यावर ढकलणे. नकार नाही, पण होकारही नाही. ‘टाळाटाळ’ याहून वाईट, कारण तिथे काम करायचेच नसते. प्रत्यक्षात एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कळत नाही.

आपल्याला याचा सर्वांत मोठा अनुभव नामांतराचा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी मंजूर झाला. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या आणि सरकारने अंमलबजावणी थांबवली. नाव लागले 14 जानेवारी 1994 रोजी, तेही ‘नामविस्तार’ म्हणून. साडेपंधरा वर्षांच्या या काळाला कुणी ‘विलंब’ म्हणाले, तर मला ते पटत नाही.

आता कायद्याचे. 2005 चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा राज्य कायदा लोकांच्या तोंडी ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणून आहे. त्याच्या कलम 10 नुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. हे सात दिवस एका टेबलाचे, अख्ख्या कामाचे नव्हेत. मुले इथे हमखास गफलत करतात. जाणूनबुजून उशीर केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत उलटली की 30 दिवसांत पहिले अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

म्हणून अर्ज दिला की तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर दिरंगाई सिद्ध कशी करणार? आणि पुढच्या तक्रारीत ‘उशीर’ लिहू नका. फाईल कोणत्या टेबलावर, किती तारखेपासून पडून आहे ते लिहा.