सिझर की नॉर्मल? प्रश्न दुसऱ्या बाळंतपणाचाही आहे

सोलापूरच्या भवानी पेठेत डोहाळजेवण आटोपले की घराघरांत दोन प्रश्न हमखास निघतात. लेकीला माहेरी कधी आणायचे आणि नाव कोणत्या दवाखान्यात घालायचे. अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे: सिझरच करायचे असेल तर दिवस कोणता धरायचा? पंचांग उघडले जाते, अमावास्या टाळली जाते आणि सल्ल्यासाठी हैदराबादच्या आत्याला फोन जातो.

या फोनला अर्थ आहे. मागावर काम करण्यासाठी आलेली पद्मशाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या या पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू बोलतात आणि त्यांच्या सोयरिकी आजही तेलंगणात जुळतात. त्यामुळे बाळंतपणाच्या गोष्टी कानावर येतात त्याही तिकडच्या. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेलंगणात ६०.७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते आणि देशात २१.५ टक्के. उमरगा, हुमनाबाद मागे टाकून जहिराबादला पोचले की बाईच्या कमरेची हाडे बदलतात, असे तर नाही. बदलते ती रीत. दवाखान्याचा दरवाजा बदलला तरी आकडा बदलतो. देशभरात सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के.

सिझर वाईट, असा याचा अर्थ नव्हे. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, बाळ आडवे असेल, कळा सुरू असताना त्याचे ठोके मंदावत असतील, तर हेच ऑपरेशन आई आणि बाळ दोघांनाही वाचवते. पायाळू बाळाच्या बाबतीत तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर जगभरच्या डॉक्टरांचा कल ठरवून सिझर करण्याकडे झुकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की लोकसंख्येत सिझरचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. पण त्याच निवेदनात असेही होते, की आकडा गाठण्याच्या मागे न लागता ज्या बाईला गरज आहे तिला सिझर मिळालेच पाहिजे.

प्रश्न उरतो तो गरज नसताना, आधी ठरवून केलेल्या सिझरचा. त्यातली पहिली गोष्ट तारखेची. कळा सुरू होतात तेव्हा बाळाच्या फुप्फुसातले पाणी शोषले जाऊ लागते, ते श्वासासाठी तयार होते. कळांआधीच बाळ बाहेर काढले तर ही तयारी अर्धवट राहू शकते. अमेरिकेत आधीचे सिझर झालेल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरवून केलेले सिझर ३७व्या आठवड्यात झाले तेव्हा १५.३ टक्के बाळांना श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग किंवा अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्यासारखी अडचण आली. ३८व्या आठवड्यात हे प्रमाण ११ टक्के होते, ३९व्यात ८ टक्के. म्हणून वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी ठरवून सिझर करू नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. चांगले नक्षत्र पुढच्या आठवड्यातही असते; दहा दिवस आधीचा मुहूर्त मात्र बाळाला महाग पडू शकतो.

दुसरी गोष्ट घरच्या चर्चेत सहसा येतच नाही, ती पुढच्या बाळंतपणाची. गर्भाशयावरचा टाका भरून येतो, पण व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार खाली, त्या व्रणावर चिकटली तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसू शकते. मग ती सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि कधी गर्भपिशवीच काढावी लागते. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार खाली असलेल्या ज्या स्त्रियांचे आधी एक सिझर झाले होते त्यांच्यात असे रुतणे ११ टक्के आढळले. दोन सिझर झालेल्यांत ४० टक्के. वार खाली येणे मुळात फार वेळा घडत नाही, त्यामुळे एका सिझरने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जिला दोन-तीन मुले हवी आहेत तिच्यासाठी आणि जिला एकच पुरे आहे तिच्यासाठी हिशेब एक नाही. तो पहिल्याच वेळी मांडायला हवा.

नैसर्गिक प्रसूतीलाही किंमत असते, हे आज्या-मावश्या सहसा सांगत नाहीत. टाके पडतात, काहींना पुढे खोकताना-शिंकताना लघवी सुटते, अंग बाहेर येण्याचा त्रास होतो. ठरवून केलेल्या सिझरमध्ये याची शक्यता कमी असते. कळांची भीतीही खरी असते. ती ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या वाक्याने जात नाही. पाठीत दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल इंजेक्शनने वेदना बऱ्याच कमी करता येतात. ती सोय दवाखान्यात आहे का, हे आधी विचारावे. प्रसूतीच्या वेळी ओळखीची बाई सतत सोबत असेल तर सिझरची वेळ कमी येते, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. ब्रिटनमध्ये तर भीतीबद्दल नीट चर्चा झाल्यावरही बाई सिझरच मागत असेल, तर तिची मागणी मान्य करावी असा संकेत आहे. चर्चा मात्र आधी होते.

आपल्याकडे अनेकदा निर्णय होतो तो रात्री, ‘कळा पुढे सरकत नाहीत’ या वाक्यावर. तासाला एक सेंटिमीटर पिशवीचे तोंड उघडलेच पाहिजे, हे माप १९५० च्या दशकातले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते बाजूला ठेवले. पाच सेंटिमीटरपर्यंतचा काळ संथ असू शकतो. आई-बाळ ठीक असतील तर केवळ वेगासाठी सिझर करू नये, असे ती सांगते. ‘गळ्यात नाळ आहे’ हे ऐकूनही घरचे हबकतात. ती अनेक बाळांच्या गळ्यात असते आणि बहुतेक जण सुखरूप जन्मतात.

पूर्व भागातल्या अनेक बायका विड्या वळतात. हजारावर मजुरी, मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बैठक. पोटावर ताजा टाका असताना ती बैठक जमत नाही आणि बसले नाही तर मजुरी नाही. त्यात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी असल्याचे याच सर्वेक्षणात आढळले. साध्या बाळंतपणात साधारण अर्धा लिटर रक्त जाते, सिझरमध्ये लिटरभरही जाऊ शकते. लोहाच्या गोळ्यांचे महत्त्व इथे कळते.

खर्चाच्या भीतीने किंवा पाहुण्यांच्या आग्रहाने निर्णय होऊ नये, यासाठी एक गोष्ट माहीत असलेली बरी. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, सिझर झाले तरीही. औषधे, तपासण्या, रक्त आणि प्रवास त्यात आला. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, आहे.

आणि सही कोणाची? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय संमती घेताना उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय सांगावे लागतात. म्हणजे सासूबाईंनी, नवऱ्याने किंवा आत्यानेही ठरवायचा हा प्रश्न नाही. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला बाईने स्वतःच विचारावे: माझ्या बाबतीत सिझर कशासाठी, थांबले तर काय होईल, आणि पुढच्या वेळी काय?

सिझर झालेच, तर घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर त्याचे कारण आणि गर्भाशयावर छेद आडवा की उभा, हे लिहून घ्यावे. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही. तो खालच्या बाजूला आडवा असेल आणि तातडीच्या ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना असेल, तर पुढच्या खेपेला कळांची वाट पाहणाऱ्या दर चार बायकांपैकी साधारण तिघींचे बाळंतपण नैसर्गिक होते. व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एकीला असतो. उभा असेल तर ती वाट डॉक्टर सहसा देत नाहीत. दोन-तीन वर्षांनी, वेगळ्या दवाखान्यात, वेगळ्या डॉक्टरसमोर हे सांगणारा तेवढाच कागद असतो. रेशनकार्डाच्या पिशवीत तोही ठेवावा.