फोनने जुनं घर मोजायचं कसं? पॉइंट क्लाउड आणि फोटोग्रामेट्री

तुमच्या गावात एखादं माळवदाचं घर अजून उभं असेल तर हे तंत्र शिकून घ्या. अशा घरांचा नकाशा बहुधा कुणाकडेच नसतो. गवंड्याने दोरी धरून आखलं आणि बांधलं. पाडलं की गेलं.

मी खुलताबादचा, सध्या लंडनमध्ये आर्किटेक्चर शिकतोय. मागे कॉलेजने आम्हाला एका डिझाइन फर्मचं ऑफिस दाखवायला नेलं. टॉवरची चकाचक मॉडेल्स होतीच, पण मी अडकलो एका स्क्रीनपाशी. त्यावर विटांचं जुनं गोदाम होतं, नुसत्या ठिपक्यांचं! माउस फिरवला की गोदाम फिरायचं, झूम केलं की आपण भिंतीतून आरपार. जुन्या इमारतीत काही बदलायचं तर पहिली रेघ मारण्याआधी तिथे हे करतात.

याला म्हणतात पॉइंट क्लाउड. लेझर स्कॅनर गोल फिरत प्रकाश सोडतो आणि तो भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे ३ मीटरवरची भिंत २० नॅनोसेकंदांत ‘सापडते’. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं असं स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने करून ठेवलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये चर्चला आग लागली तेव्हा टॅलन हयात नव्हता, पण त्याने जमवलेले अब्जाहून जास्त ठिपके होते.

(पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ मध्ये प्रित्झकर मिळालं, तेही लंडनला शिकायला गेले आणि १९५१ मध्ये तिथून पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात पोचले. तेव्हा सगळं पेन्सिल आणि टेपवर. टेप आजही लागतोच, पुढे सांगतो.)

तो स्कॅनर आपल्या बजेटबाहेरचा. आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये २०२० पासून लायडार आहे, पण तो जेमतेम ५ मीटरपर्यंत बघतो. साध्या अँड्रॉइडवर मग फोटोग्रामेट्री. एकच कोपरा दोन जागांवरून टिपला की तो दोन फोटोंत थोडा सरकलेला दिसतो. त्या सरकण्यावरून अ‍ॅप खोली काढतं, आपले दोन डोळे काढतात तशीच. पॉलीकॅम किंवा रिअ‍ॅलिटीस्कॅन घ्या.

सुट्टीत मी आजीच्या घरावर हे केलं, कारण दिवाळीनंतर तिथे स्लॅब पडणार. दीडेकशे फोटो लागले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ६०-७० टक्के भाग यायला हवा, नाहीतर अ‍ॅपला दुवा सापडत नाही. फ्लॅश बंद, ऊन कडक नको. सगळ्यात छळलं ते चुन्याच्या पांढऱ्या भिंतीने, कारण तिच्यावर ओळखू येईल अशी खूणच नाही. आजी म्हणाली, “मग तिथं कॅलेंडर टांग की!” टांगलं, भिंत आली. आरशाला मात्र चादर घालावीच लागते.

आता टेप. फोटोंवरून अ‍ॅपला आकार कळतो, माप कळत नाही. घर आणि काड्यापेटी त्याला सारखीच. म्हणून दाराच्या चौकटीची रुंदी टेपने मोजून अ‍ॅपमध्ये टाकायची. मग दुसरं एखादं माप ताडून बघा, जुळलं नाही तर मॉडेलवर विश्वास ठेवू नका.

दोन गोष्टी सांभाळा. फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतात, तेव्हा मॉडेल प्रायव्हेट ठेवा आणि फाइल स्वतःकडे उतरवून घ्या. आणि औरंगजेबाच्या कबरीसारख्या संरक्षित जागी परवानगीशिवाय ट्रायपॉड, ड्रोन नको. तसंही तिच्यामागे पुरातत्त्व खातं आहे, आजीच्या घरामागे कोण?

मॉडेल मिस्त्रीला फोनवर दाखवलं. त्याने फिरवून फिरवून पाहिलं आणि सागवानी खांबांची उंची विचारली. चारपैकी दोन नव्या ओसरीला लागतील म्हणतोय. बाकीच्या दोघांचं घरात अजून ठरत नाहीये.