आवर्तसारणी आणि काळी जमीन

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे आंकडे छापलेले बहुतेक कास्तकारांनीं पाहिले असतील. पहिला आंकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा व तिसरा पालाशाचा. नत्र, स्फुरद व पालाशांतील पोटॅशियम हीं मूलद्रव्यें होत. म्हणजे रासायनिक रीतीनें ज्यांचें अधिक साध्या पदार्थांत पृथक्करण होत नाहीं असे मूळ पदार्थ. आज अशीं ११८ मूलद्रव्यें ज्ञात आहेत. इतक्यांचे गुणधर्म एकेक करून ध्यानांत ठेवणें कठीण. परंतु त्यांची मांडणी समजल्यास तें काम सुलभ होतें.

ही मांडणी रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनीं इ. स. १८६९ मध्यें प्रसिद्ध केली. मूलद्रव्यें अणुभाराच्या चढत्या क्रमानें लावलीं असतां ठराविक अंतरानें तसेच गुणधर्म पुन्हां आढळतात, असें त्यांस दिसून आलें. सारख्या गुणांचीं मूलद्रव्यें त्यांनीं एका गटांत बसविलीं. जेथें योग्य मूलद्रव्य मिळेना, तेथें जागा रिकामी ठेवून त्याचे गुणधर्म आधींच वर्तविले. १८७५ सालीं गॅलियमचा शोध लागून त्यांपैकीं एक जागा भरली. पुढें १९१३ सालीं मोस्ले यांनीं दाखविलें कीं, खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा आहे.

सारणींतील उभ्या रांगेस गण म्हणतात. एका गणांतील अणूंच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेंत बहुधा सारखेच इलेक्ट्रॉन असतात, व गुणधर्म मुख्यत्वें त्यांवर अवलंबून असतात. नत्र (७) व स्फुरद (१५) एकाच गणांतलीं. दोहोंच्या बाहेरच्या कक्षेंत पांच इलेक्ट्रॉन. पहिल्या गणांत सोडियम (११) व त्याच्या लगेच खालीं पोटॅशियम (१९). दोहोंच्या बाहेरच्या कक्षेंत एकच इलेक्ट्रॉन.

परंतु भाऊबंद झाले तरी स्वभाव सर्वस्वीं एक नसतो. पोटॅशियम हें पिकाचें आवश्यक अन्न. सोडियम मात्र वाढल्यास काळ्या जमिनीस घातक. वाशीम जिल्ह्याच्या पश्चिमेस लोणार सरोवराचें पाणी सोडियमच्या क्षारांनीं भरलेलें आहे, व उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा सर्वांस ठाऊक आहे. मातीच्या सूक्ष्म कणांवर सोडियम सांठलें कीं ते एकमेकांपासून सुटतात. जमीन ओली असतां चिकट व वाळल्यावर कठीण होते, आणि पाणी आंत मुरत नाहीं. हीच चोपण जमीन.

यावरील उपायहि सारणीच सुचविते. शेजारच्या दुसऱ्या गणांतील कॅल्शियम (२०) दोन इलेक्ट्रॉन देतें. त्यामुळें त्याचा धनभार दुप्पट होऊन मातीचे ऋणभारित कण त्यास अधिक घट्ट धरतात. जिप्सम घातल्यानें त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतें, व सुटलेलें सोडियम पाण्याबरोबर निघून जातें. मात्र चर काढून निचऱ्याची सोय केली नसेल, तर तें तेथेंच राहतें व खर्च व्यर्थ होतो.

म्हणून नवी विहीर ओलितास लावण्यापूर्वीं पाणी व माती तपासून घ्यावी, आणि अहवालांत पालाशाबरोबर सोडियमचा आंकडाहि पाहावा. सोयाबीनचें किंवा तुरीचें एक पीक बुडालें तर पुढील सालाची आशा असते. चोपण झालेली जमीन सुधारण्यास मात्र अनेक सालें खर्चीं पडतात.