माठ घुमतो कसा?

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला मामाच्या घरी ओसरीत आम्ही दोघं एका उघड्या स्पीकरभोवती बसलो होतो. मी तेव्हा सातवीत होतो. स्पीकर जेमतेम चार इंचांचा, एका बंद पडलेल्या टीव्हीतून काढलेला. मामाने त्याला आवाज मोठा करणारा ४४४० चा बोर्ड जोडला होता. खटपटी मंडळी त्याला 'फोर फोर फोर झिरो' म्हणतात. त्या बोर्डावर काडेपेटीहून लहान असा एक काळा तुकडा असतो. तो म्हणजे आयसी, मूळचा जपानच्या सान्यो कंपनीचा, एलए ४४४० नावाचा. बारा व्होल्टवर चालतो, म्हणून मोटारसायकलची नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी मिळाली की काम भागतं. खेड्यापाड्यांत तो इतका लाडका झाला तो यामुळेच.

मामाने शेवटचा डाग दिला, कथिलाचा धूर फुंकून घालवला आणि रेडिओची वायर जोडली. आकाशवाणी नागपूर लागलं. ढोलकीचं गाणं सुरू होतं, पण आवाज कसा? चिरका. ढोलकीची 'टाक' ऐकू येत होती, 'धुम' नव्हतीच. नुसती बोटं वाजत होती, ढोलकी वाजतच नव्हती!

"आवाज वाढव ना," मी म्हणालो. मामाने वाढवला. चिरका आवाज आणखी मोठ्याने चिरकू लागला.

मग मामा उठला. तिवईवरचा रिकामा माठ त्याने आणला, सायकलच्या जुन्या टायरवर नीट बसवला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा ठेवला.

धुम! धुम! ओसरी भरून गेली. ढोलकी आली, तिच्यामागून गाणाऱ्या माणसाचा भारदस्त आवाजही आला. आणि आतून आजी आली.

"माह्या माठाले हात लावजो नको म्हनलं होतं ना!"

आजीची समजूत मामाने कशी काढली ते पुढे सांगतो. आधी कोडं पाहू. बॅटरी तीच, बोर्ड तोच, स्पीकर तोच. आवाजाचं बटणही कुणी फिरवलं नव्हतं. मग ही 'धुम' आली कुठून?

मी कितीतरी दिवस समजत होतो की ती माठातून आली. पण प्रश्न उलटा विचारायला हवा होता. माठ नव्हता तेव्हा 'धुम' गेली कुठे होती?

हे समजायला स्पीकरच्या पोटात डोकवावं लागतं. स्पीकरच्या मागे एक जाडजूड चुंबक असतं. त्याच्या खाचेत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं लोंबतं आणि ते कागदी पडद्याला चिकटवलेलं असतं. तारेतून वीज एका दिशेने गेली की वेटोळं पुढे सरकतं, उलट दिशेने गेली की मागे. पडदाही तसाच हलतो आणि हवेला ढकलतो. अशा स्पीकरचा व्यवस्थित अभ्यास चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ साली मांडला. आज तुमच्या मोबाईलमधला चिमुकला स्पीकरही त्याच घराण्यातला आहे.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. भंगारातला एखादा स्पीकर आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. 'खट' असा आवाज होईल आणि पडदा पुढे नाहीतर मागे सरकेल. सेल उलटा करून टेकवा, पडदा उलटा हलेल. पडद्यावर ज्वारीचे चार दाणे ठेवलेत तर तेही उडी मारतील. (हे प्रयोग फक्त सेलवर किंवा बॅटरीवर. घरातल्या प्लगच्या विजेला हात नाही म्हणजे नाही. मामा स्वतः वर्षानुवर्षं दुरुस्त्या करायचा, पण प्लग काढल्याशिवाय त्याने एकही स्क्रू कधी खोलला नाही.)

आता नीट लक्ष द्या, खरी गंमत इथे आहे. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा काय होते? विरळ होते! म्हणजे उघडा स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एक पुढून आणि एक मागून. दोन्ही अगदी एकमेकांच्या उलट. पुढे दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागच्या रिकाम्या जागेत पळते आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. मुठीत पाणी घट्ट धरायला जावं आणि ते बोटांच्या फटींतून निसटावं, तसंच हे.

मग 'टाक' का नाही पुसली जात? कारण आवाजाच्या लाटेला लांबी असते. ढोलकीच्या 'धुम'मध्ये हवा सेकंदाला साधारण १०० वेळा मागेपुढे होते. त्या लाटेची लांबी भरते जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या लांबीच्या आसपास. एवढ्या लांब, संथ लाटेला चार इंची स्पीकरला वळसा घालायला वेळच वेळ असतो. 'टाक'मधली लाट सेकंदाला पाच हजार वेळा हलणारी, म्हणजे सात सेंटीमीटरच्या आतबाहेरची. तिला वळसा घालून मागे पोचायला सवडच मिळत नाही, ती सरळ तुमच्या कानाशी येते. म्हणून उघड्या स्पीकरमधून बोटं ऐकू येतात आणि ढोलकी हरवते.

माठ काय करतो? मधे भिंत घालतो. एक आवाज माठात कोंडला जातो, दुसरा बाहेर मोकळा राहतो. आता पुसायला कोणी येत नाही. 'धुम' आधीही तयार होतच होती, जन्मताच विरघळत होती, एवढंच.

विश्वास बसत नसेल तर माठाचीही गरज नाही. एक मोठा पुठ्ठा घ्या, कुलरच्या नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा. मध्ये स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि वाजता स्पीकर त्या भोकावर दाबून धरा. फक्त एक पुठ्ठा! तरी आवाज एकदम भरदार होतो. पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा चिरका. हा प्रयोग मी आजवर कितीदा केला असेल, पण त्या क्षणी अंगावर येणारा शहारा काही कमी झालेला नाही.

आता मला सांगा, भिंतच घालायची तर पत्र्याचा डबा का नको? करून पाहा. डबा थरथरतो आणि आवाजात खडखड मिसळते. सपाट, पातळ भिंत हवेच्या धक्क्याने स्वतःच हलू लागते. माठाची भिंत गोल आणि भाजून टणक झालेली. अंड्याचं कवच पातळ असूनही सहज दबत नाही, तशी ही गोलाई ताठ राहते. फक्त माठाचं तोंड आणि स्पीकर यांच्यामध्ये फट राहता कामा नये. मामा कणकेची वळी करून कडेने दाबायचा. फट राहिली की तिथून फुसफुस ऐकू यायची आणि 'धुम' पुन्हा अर्धी पळायची.

म्हणजे माठ नुसता पहारेकरी का? तेवढंच नाही. त्याला स्वतःचा एक सूरही असतो. रिकाम्या माठाच्या तोंडावर तळहाताने हलकी थाप मारा. 'बुम्' असा एक सूर येतो, दर वेळी तोच. माठातली हवा ही स्प्रिंग आहे आणि तोंडाजवळची हवा हे त्या स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. वजन दाबून सोडलं की ते ठरावीक चालीने वरखाली होत राहतं. दहा लिटरचा माठ आणि दहा सेंटीमीटरचं तोंड धरून मी हिशोब केला, तर सेकंदाला साधारण १५० झोके आले. पुरुषाचा बोलण्याचा आवाजही याच्याच जवळपास असतो.

जर्मनीच्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी असेच पोकळ गोळे खास बनवून घेतले होते. गोळ्याचं बारीक टोक कानात घालायचं आणि संगीत ऐकायचं. अनेक सुरांच्या गर्दीतून त्या गोळ्याचा जो सूर असेल तेवढाच कानात गुंजायचा. १८६३ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे १९३२ साली अल्बर्ट थुरास यांना अमेरिकेत एका स्पीकरपेटीचं पेटंट मिळालं. पेटीला मुद्दाम एक भोक ठेवायचं आणि आतल्या हवेचा हा 'बुम्' स्पीकरच्या मदतीला घ्यायचा, अशी ती युक्ती. तुमच्या घरच्या स्पीकरला मागे किंवा पुढे गोल बोगदा दिसतो ना, तो याच युक्तीचा.

आपल्याकडचे कारागीर पोकळीशी फार आधीपासून खेळत आलेत. मिरजेचे तंबोरे आठवा. त्यांच्या खाली तो मोठा भोपळा का असतो? नुसती तार ताणून छेडली तर आवाज किती क्षीण! लाकडी तबली आणि भोपळ्यातली हवा मिळून त्या तारेला भरदार करतात. माझ्या मते मामाचा माठ म्हणजे त्याच भोपळ्याचा मातीचा भाऊ.

पण मामाला अजून समाधान नव्हतं. माठ घुमत होता, पण जरा जास्तच. बातम्या देणारे गृहस्थ जणू विहिरीत बसून बोलत होते, शब्द एकमेकांत मिसळत होते. माठावर स्पीकर घट्ट बसवला की तोंडातल्या हवेच्या जागी स्पीकरचा पडदाच वजन होतो, आतली हवा स्प्रिंगच राहते आणि जोडी एका सुरावर हटून बसते. मामा आत गेला आणि आजीचा वातींचा डबा घेऊन आला. डब्यात कापूस! यवतमाळ जिल्ह्यात कापूस शोधायला कुठे जायला नकोच. त्याने तो हलक्या हाताने पिंजला आणि सैलसर माठात भरला. न्यूजरीडर विहिरीतून वर आले. शब्द सुटे झाले.

कापसाने काय केलं? हवा त्या असंख्य तंतूंमधून घासत जाते, दमते, म्हणून तिचं झुलणं लवकर थांबतं. हे झालं सोपं कारण. दुसरं कारण मला कॉलेजात कळलं आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, पाहिलंय? हवा दाबली की तापते आणि तापली की जास्त जोराने उलट ढकलते. आवाजातही हवा दाबली जाते, पण न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात हिशोब करताना ही ऊब धरली नाही. त्यामुळे त्यांचा आवाजाचा वेग खऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आला. फ्रान्सच्या लाप्लास यांनी नंतर ती चूक सुधारली. आवाज इतका झटपट असतो की ऊब निघून जायला वेळ मिळत नाही, असं त्यांनी दाखवलं. पण माठात कापूस भरा! प्रत्येक तंतू जवळच्या हवेची ऊब चटकन शोषतो आणि चटकन परत देतो. हवेची स्प्रिंग नरम पडते आणि स्पीकरला वाटतं की माठ आहे त्याहून मोठा आहे. कापूस जागा अडवतो, तरी माठ मोठा होतो! आजीच्या वातींच्या कापसात न्यूटनचा हिशोब थोडा थोडा खरा ठरत होता. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीचा छोटेखानी स्पीकर विकायला काढला आणि त्यातही हवेलाच स्प्रिंग केलं होतं. मामाने त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, आपल्या यवतमाळच्या उन्हाची. तापलेल्या हवेत आवाज वेगाने धावतो. थंडीतल्या १५ अंशांच्या सकाळी आणि मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या दुपारी एकाच कोरड्या माठावर थाप मारली, तर दुपारचा सूर सुमारे ५ टक्के चढा येतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. पेटीवर एक पांढरी पट्टी आणि तिच्या शेजारची काळी पट्टी दाबून पाहा, तेवढा फरक.

आता आजीची समजूत. मामाने तिला कुंभारवाड्यातून नवा माठ आणून देण्याचं कबूल केलं. बाजारात आजी बोटाच्या पेराने एकेक माठ ठोकत गेली. 'ठण' वाजला की थांबायची, 'बद्द' वाजला की पुढे. बद्द आवाज म्हणजे तडा. तिसऱ्या माठाशी ती थांबली. घरी आल्यावर मामाने मला एक काम दिलं. नव्या माठात तांब्याने मोजून पाणी ओतायचं आणि दर वेळी तोंडावर थाप मारून ऐकायचं. पाणी वाढलं की आतली हवा कमी होते आणि स्प्रिंग ताठ होते, म्हणून सूर चढतो. निम्मा माठ भरल्यावर रिकाम्या माठाच्या 'सा'चा तीव्र 'म' झाला. पाऊण भरला, हवा पाव उरली आणि कानात वरचा 'सा' वाजला! जलतरंगात मात्र पाणी वाढवलं की सूर उतरतो, कारण तिथे हवा नाही, वाडगाच वाजतो. वरचा 'सा' लागल्याचं मामाला ओरडून सांगायला मी वळलो. उरलेला माठ भरायला नळ सोडून ठेवला होता, ते विसरूनच गेलो.

आजी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिची पाठ आमच्याकडे होती.

"भरत आला पाय माठ," ती आतूनच म्हणाली, "बंद कर नळ."