घोडे गेले कुठे?

"मामू, माझे बारा घोडे चोरीला गेले," असं म्हणत माझा भाचा घरी आला आणि त्यानं दोन कागद माझ्यापुढं टाकले. मी बी. ए. झालेला माणूस, तोही भाषा घेऊन. घोडे मला माहीत ते टांग्याचे. पण पोराचा चेहरा बघून कागद हातात घेतले.

प्रकरण असं होतं. त्यानं आपली पेट्रोलची गाडी मुंबईत डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली. आकडा आला १०६ हॉर्सपॉवर. मग चाळीस हजार रुपये खर्चून एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलला, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेतलं आणि पुण्यात दुसऱ्या डायनोवर गाडी मोजली. आकडा आला ९४! स्वारी मेकॅनिकशी भांडायला निघाली होती. म्हटलं, बाबा रे, आधी समजून तर घेऊ. त्या निमित्तानं मी जे वाचलं, विचारलं, ते आज आपल्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट, डायनो घोडे मोजतच नाही. तो मोजतो चाक फिरवणारा जोर आणि फिरण्याचा वेग. हॉर्सपॉवर हा त्यावरून केलेला हिशेब. आणि हिशेब म्हटला की हिशेबनीस आला, त्याची पद्धत आली.

मुंबईचं यंत्र जडत्वावर चालणारं होतं. गाडीची चाकं एका जडशीळ पोलादी रोलरवर ठेवायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. रोलर फिरवायला किती जड आहे हे आधीच ठाऊक असतं. तो किती वेळात किती वेग घेतो, यावरून ताकद काढतात. काही सेकंदांत काम संपतं. पुण्याच्या यंत्रात रोलरला विजेच्या चुंबकाचा ब्रेक होता. गाडी जोर लावते, यंत्र तिला अडवून धरतं आणि ब्रेकच्या दांड्यावर किती रेटा येतो ते पाहतं. भरलेली हातगाडी सपाटीवर धक्का देऊन पळवणं वेगळं आणि तीच चढावर रेटत राहणं वेगळं. चढावर घाम निघतो. इंजिनावरही भार जास्त वेळ राहिला की ते तापतं, आत जाणारी हवा तापून विरळ होते आणि ताकद उतरते.

पण गंमत बघा, पहिल्या यंत्रातही गळती आहेच. गाडीची स्वतःची चाकं, गिअर, इंजिनाचं फ्लायव्हील यांनाही वेग द्यावा लागतो. त्यात खर्च झालेली ताकद रोलरला कळत नाही. काही यंत्रं ही तूट अंदाजानं भरून दाखवतात, काही दाखवत नाहीत. शिवाय टायर एका मोठ्या रोलरवर टेकला आहे की दोन लहान रोलरांमध्ये दाबून बसला आहे, त्यात हवा किती, गाडी पट्ट्यांनी किती आवळली, यानंही आकडा हलतो. कंपनी सांगते तो आकडा तर चाकांवरचा नसतोच. इंजिन एकटं बाहेर बांधून मोजलेला असतो. गिअरबॉक्स आणि टायर यांनी आपला वाटा खाल्ल्यावर उरतं ते चाकांवर येतं.

मग हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथं हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच घटते. म्हणून यंत्र आकडा ठरावीक हवेला लावून दुरुस्त करतं. पण ठरावीक हवा कुठली? भाच्याच्या पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एसटीडी' होतं, दुसऱ्यावर 'एसएई'. एसटीडी म्हटल्यावर मला आपले जुने फोनचे बूथ आठवले! तर ही जुनी रीत थंड, जास्त दाबाची हवा धरते, सुमारे साडेपंधरा अंश. नवी एसएई धरते २५ अंश आणि थोडा कमी दाब. तीच गाडी, तीच फेरी, तरी जुन्या रीतीनं आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो. म्हणजे बारापैकी चार घोडे नुसत्या कोपऱ्यातल्या अक्षरांत सापडले. पूर्वी गावोगावचा शेर वेगळा असे, तसलाच प्रकार.

म्हणून डायनो खोटाच, असंही नाही. अमेरिकेत १९९९ साली फोर्डनं मस्टँग कोब्रा विकायला आणली. आधीच्या वर्षीच्या मॉडेलचा दावा ३०५ हॉर्सपॉवरचा होता, हिचा ३२०चा. वाढलेले घोडे मालकांना चाकांवर सापडेनात. तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीनं विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि दुरुस्त करून दिल्या. एखाद्या यंत्राचा एखादा आकडा तेवढ्यावर उडवून लावता आला असता. पण जागोजागच्या मालकांना तीच तूट दिसत होती.

भाच्याला म्हटलं, भांडण पुढं ढकल. पुन्हा मुंबईला जा. तेच यंत्र, तीच एसटीडी, टायरमध्ये तेवढीच हवा. तो गेला. संध्याकाळी फोन आला.

"मामू, १०९."

"म्हणजे तीन वाढले की!"

"हो," तो म्हणाला. "चाळीस हजारांत तीन." आणि मग बराच वेळ गप्प राहिला.