ठिपके कोणाचे, सही कोणाची?

मी चित्रकलेचा पंडित नव्हे. माझी हयात कामगारांच्या सभांत गेली. तरी डेमियन हर्स्ट या इंग्रज चित्रकाराविषयी बोलायचे आहे, कारण त्याच्या धंद्यात मला ओळखीचे प्रश्न दिसतात.

त्याचा जन्म १९६५ सालचा. १९८८ मध्ये, कॉलेजात शिकत असतानाच, लंडनच्या गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत त्याने सोबत्यांसह प्रदर्शन मांडले. कुणी गॅलरीवाला दार उघडील याची वाट पाहिली नाही. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये दलालांना वगळून दोनशेंवर कलाकृती त्याने थेट लिलावात नेल्या. ११ कोटी पौंडांच्या वर रक्कम जमली. इथवर मी त्याच्या बाजूचा.

पण त्याची ती रंगीत ठिपक्यांची चित्रे! बहुतेक साहाय्यकांनी रंगवलेली, आणि हे तो लपवतही नाही. कल्पना माझी म्हणून चित्र माझे, असा त्याचा हिशेब. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. ताग्यावर छाप गिरणीचा असे, विणणाऱ्याचे नाव कधी नसे. तेव्हा हा हिशेब माझ्या गळी सहजासहजी उतरत नाही.

२०१५ मध्ये त्याने लंडनला न्यूपोर्ट स्ट्रीटवर स्वतःची गॅलरी उघडली. पूर्वी तिथे नाटकांचे पडदे रंगवण्याचे कारखाने होते. प्रवेश सर्वांना फुकट ठेवला, ही गोष्ट मोठी. पहिले प्रदर्शनही स्वतःचे नव्हे, जॉन हॉयलंड या दिवंगत चित्रकाराचे भरवले. चित्रे मात्र हर्स्टच्याच संग्रहातली होती.